५.६ कोटी वर्षांपूर्वीचा कार्बन आणि आपल्या पायाखालचा काळा दगड

कातळवाट

पुण्याच्या उन्हाळ्यावरच्या धाग्यात दोघा-तिघांनी एकच मुद्दा लिहिला होता. पृथ्वी याआधीही तापली होती, तेव्हा गाड्या नव्हत्या की कारखाने नव्हते, आणि तरीही ती निवली. मग आताच एवढा घोर कशाला? मी भूशास्त्र शिकवते. या मुद्द्याचा पहिला अर्धा भाग पूर्ण खरा आहे, आणि म्हणूनच तो गांभीर्याने घ्यायला हवा. पृथ्वी कशी तापली आणि कशी निवली याची नोंद दगडात आणि समुद्रतळाच्या गाळात आहे. ती नीट वाचली की निवायला किती काळ लागला तेही दिसतं. तिथे हे अवांतर झालं असतं, म्हणून वेगळा धागा काढते आहे.

घटना ५.६ कोटी वर्षांपूर्वीची. पूर्ण नाव पॅलिओसीन-इओसीन थर्मल मॅक्सिमम, पण सगळे पीईटीएम म्हणतात, मीही तेच म्हणते. डायनोसॉर जाऊन तोवर १ कोटी वर्षं झाली होती. हिमालय उभा राहायचा होता आणि भारताचा तुकडा विषुववृत्ताच्या आसपास, उत्तरेकडे सरकत होता. ध्रुवांवर आजच्यासारखे बर्फाचे थर नव्हते, म्हणजे मुळातच ते जग उबदार होतं. अशा जगात काही हजार वर्षांच्या अवधीत हवेत आणि समुद्रात प्रचंड कार्बन आला आणि पृथ्वीचं सरासरी तापमान आणखी ५ ते ६ अंश सेल्सिअसने वाढलं.

हे उलगडलं १९९१ साली. जेम्स केनेट आणि लोवेल स्टॉट हे अंटार्क्टिकाजवळच्या वेडेल समुद्रात, मॉड राइज नावाच्या उंचवट्यावरून काढलेल्या गाळाच्या कोअरवर, म्हणजे तळात नळी घालून काढलेल्या उभ्या नमुन्यावर, काम करत होते. त्या गाळात फोरॅम नावाच्या एकपेशीय जीवांची चुन्याची कवचं असतात, बारीक वाळूच्या कणाएवढी. एका थरात त्या कवचांमधल्या ऑक्सिजनच्या समस्थानिकांनी (एकाच मूलद्रव्याच्या कमी-जास्त वजनाच्या अणूंनी) सांगितलं की पाणी झपाट्याने तापलं, आणि त्याच थरात कार्बनच्या समस्थानिकांनी सांगितलं की कुठून तरी खूपसा 'हलका' कार्बन आला. त्याच वेळी समुद्रतळावर राहणाऱ्या फोरॅमच्या ३० ते ५० टक्के जाती कायमच्या गेल्या. एकाच थरात, काही सेंटिमीटरच्या आत या तिन्ही गोष्टी.

हलका कार्बन म्हणजे काय, ते सांगते, कारण पुढचा सगळा शोध त्यावर उभा आहे. कार्बनचे दोन स्थिर प्रकार आहेत, कार्बन-१२ आणि कार्बन-१३. वनस्पती हवेतून कार्बन घेताना १२ ला पसंती देतात. त्यामुळे जे जे जिवंत होतं, किंवा त्यापासून झालं, म्हणजे लाकूड, कोळसा, तेल, दलदलीतला मिथेन, त्यात १२ चं प्रमाण जास्त. समुद्राच्या पाण्यात अचानक १२ वाढला, तर कुठला तरी जुना साठा उघडला गेला हे नक्की. आज हवेतही नेमकं हेच मोजलं जातं आहे. आपण जाळलेल्या कोळशा-तेलाची सही हवेत उमटते आहे.

२००३ मध्ये दक्षिण अटलांटिकमधल्या वॉल्व्हिस रिजवर, म्हणजे समुद्रतळावरच्या डोंगररांगेवर, ओळीने वेगवेगळ्या खोलीचे कोअर काढले. त्यांचे फोटो मी विद्यार्थ्यांना दरवर्षी दाखवते. खाली फिकट, चुनखडीचा गाळ. मग एकदम, रेघ मारावी तसा, गडद तांबूस मातीचा थर. मग वर हळूहळू पुन्हा फिकट. समुद्रात कार्बन डायऑक्साइड विरघळून पाणी आम्लाकडे झुकलं, आणि तळाशी साठलेला चुना विरघळून फक्त माती उरली. चुना ज्या खोलीखाली टिकत नाही ती पातळी १०,००० वर्षांच्या आत २ किलोमीटरहून जास्त वर सरकली. आणि पूर्ववत व्हायला? १ लाख वर्षांहून जास्त. गाळातले थर पृथ्वीच्या अक्षाच्या डुलण्यामुळे सुमारे २१,००० वर्षांच्या फेऱ्यांत बदलतात, ते मोजून पूर्ण घटनेची लांबी साधारण १.७ ते २ लाख वर्षं येते.

आता दुसरा अर्धा भाग: ती निवली कशी? मुख्यतः दगडाने निववली. पावसाच्या पाण्यात कार्बन डायऑक्साइड विरघळला की सौम्य आम्ल होतं. ते सिलिकेट खडक (सिलिकाची खनिजं असलेले खडक) झिजवतं, त्यातला कॅल्शियम सुटतो, नदीतून बायकार्बोनेटबरोबर समुद्रात जातो, तिथे जीव त्याची कवचं करतात आणि ती तळाशी चुनखडी होऊन बसतात. हवेतला कार्बन दगडात गेला. जग गरम आणि ओलं असेल तर हे काम वेगाने चालतं, गार असेल तर मंदावतं. पृथ्वीला वारंवार सावरणारी यंत्रणा हीच. आणि या कामात सगळ्यांत तरबेज दगड कोणता? बसाल्ट. लाव्हा थिजून झालेला आपला काळा पाषाण. वेताळ टेकडीचा, पर्वतीचा, सिंहगडाचा, पाताळेश्वराच्या लेण्याचा. जगाच्या जमिनीचा ५ टक्क्यांहून कमी भाग बसाल्टचा आहे, पण सिलिकेट खडकांच्या झिजेतून जो कार्बन डायऑक्साइड शोषला जातो त्यातला जवळपास तिसरा हिस्सा एकट्या बसाल्टच्या नावावर आहे.

म्हणून माझं म्हणणं एवढंच: "पृथ्वी निवते" हे खरं आहे, मी रोज ज्या दगडावरून चालते तोच ते काम करतो आहे. पण त्याचा वेग त्याचा आहे. तो आपल्या सोयीने वाढत नाही.

प्रश्न विचारा, सवडीने उत्तरं देईन.

---

मुठेकाठी

धन्यवाद ताई, वाचनखूण साठवली. एक गोंधळ आहे. दख्खनचा हा सगळा लाव्हा बाहेर आला तेव्हाही कार्बन डायऑक्साइड आलाच असेल ना? मग पीईटीएम आपल्याच ज्वालामुखींमुळे झालं का? मी इतकी वर्षं असंच समजत होते.

---

कातळवाट

@मुठेकाठी, हा घोटाळा खूप जणांचा होतो, कारण दोन्ही आकडे ऐकायला सारखे आहेत. दख्खनचे उद्रेक ६.६ कोटी वर्षांपूर्वीचे, पीईटीएम ५.६ कोटींचं. मध्ये १ कोटी वर्षं. पीईटीएमच्या वेळी आपला लाव्हा कधीच थंड होऊन झिजायला लागला होता.

पण दख्खनच्या लाव्ह्याने कार्बन सोडला होता हे तुमचं बरोबर आहे. मुख्य उद्रेक १० लाख वर्षांच्या आत उरकले, आणि डायनोसॉर संपण्याच्या सुमारे ३ लाख वर्षं आधी जगाचं तापमान काही अंशांनी वाढल्याच्या नोंदी आहेत. त्याचा संबंध दख्खनशी लावला जातो. पुढे अशनी मेक्सिकोत चिक्शुलुबला पडला, ते वेगळं प्रकरण.

वायू बाहेर पडल्याची खूण इथेच दिसते. आपल्या काळ्या दगडात जी छिद्रं असतात ते लाव्ह्यातल्या वायूचे बुडबुडे. वायूच्या वाटेवरच दगड गोठला. पुढे त्या पोकळ्यांमध्ये पाणी झिरपून झिओलाइट, गारगोटी, कॅल्साइट ही खनिजं साठली. वाघोलीच्या दगडखाणींतलं निळंशार कॅव्हनसाइट जगभरच्या संग्रहालयांत आहे, तेही अशाच पोकळ्यांतलं. कॅल्साइट म्हणजे कॅल्शियम कार्बोनेट. म्हणजे ज्या दगडातून कार्बन निसटला त्याच दगडाच्या पोकळीत पुढे थोडा कार्बन परत येऊन बसला.

---

जुना_अभियंता

मॅडम, लेख आवडला, पण मूळ मुद्दा लिहिणाऱ्यांपैकी मी एक आहे, म्हणून स्पष्ट विचारतो. आम्ही आयुष्यभर मोजमापात काढलं. थर्मामीटरच्या नोंदी दीड-दोनशे वर्षांच्या. ५.६ कोटी वर्षांपूर्वीचं तापमान ५ ते ६ अंशांच्या नेमकेपणाने सांगता म्हणजे नक्की कशाच्या आधारावर? एका कवचातल्या ऑक्सिजनवर एवढा डोलारा उभा करणं मला पटत नाही.

---

रानजाई

कातळवाट उत्तर देतीलच, पण यातला पानांचा भाग मी लिहिते, माझा विषय वनस्पतिशास्त्र आहे.

उबदार प्रदेशातल्या झाडांमध्ये गुळगुळीत कडेच्या पानांचं प्रमाण जास्त असतं, थंड प्रदेशात दातेरी कडेचं. एखाद्या ठिकाणच्या सगळ्या रुंद पानांच्या झाडांमध्ये किती टक्के गुळगुळीत, यावरून वार्षिक सरासरी तापमानाचा अंदाज काढता येतो. बाहेर जाऊन बघा: आंबा, फणस, जांभूळ, वड, करंज, सगळ्यांच्या कडा गुळगुळीत. कडुनिंब दातेरी आहे, पण तो अपवादात येतो. हिशोब एका झाडावर नसतो, पूर्ण रानावर असतो.

अमेरिकेत वायोमिंगमध्ये बिगहॉर्न बेसिन नावाचा भाग आहे. तिथे पीईटीएमच्या आधीची, त्या वेळची आणि नंतरची पानं एकावर एक थरांत सापडतात. आधी समशीतोष्ण रान. मग ते नाहीसं होतं आणि शेंगांच्या कुळातली झाडं येतात, म्हणजे आपल्या शिरीष-करंजाच्या नातलगांसारखी, दक्षिणेकडून सरकत आलेली. आणि घटना संपल्यावर जुनी झाडं बरीचशी परत येतात. पानांवर किड्यांनी कुरतडल्याच्या खुणाही त्या काळात वाढलेल्या आहेत. हे मला फार महत्त्वाचं वाटतं. झाडं सरकली, कारण त्यांना सरकायला हजारो वर्षं मिळाली आणि वाटेत शहरं, हमरस्ते, उसाची शेतं नव्हती.

---

कातळवाट

@रानजाई, मनापासून आभार. मला पानांबद्दल इतकं नेमकं लिहिता आलं नसतं.

@जुना_अभियंता, काका, प्रश्न रास्त आहे. एकाच मापावर विसंबून कुणी बसलेलं नाही. कवचातला ऑक्सिजन एक. त्याच कवचात मॅग्नेशियम आणि कॅल्शियमचं गुणोत्तर पाण्याच्या तापमानाप्रमाणे बदलतं, ते दुसरं. समुद्रातल्या काही सूक्ष्मजीवांच्या आवरणातली मेदद्रव्यं तापमानानुसार आपली रचना बदलतात, ती गाळात टिकतात, ते तिसरं. रानजाईंनी सांगितलेली पानं चौथं. या चारही पद्धतींच्या चुका होण्याच्या तऱ्हा वेगवेगळ्या आहेत. ऑक्सिजनला बर्फाच्या प्रमाणाचा आणि खारटपणाचा अडथळा येतो, पानांना येत नाही. तरी चौघीही एकाच दिशेला, सारख्याच पल्ल्यात वाढ दाखवतात.

२००४ मध्ये उत्तर ध्रुवाजवळ, लोमोनोसोव्ह रिजवर खोदकाम झालं. तिथल्या गाळातल्या मेदद्रव्यांवरून पीईटीएमच्या वेळी आर्क्टिक समुद्राच्या पृष्ठभागाचं तापमान सुमारे २३ अंश निघालं. आणि त्याच थरात अपेक्टोडिनियम नावाचं शैवाल मिळालं, जे उबदार पाण्यातच वाढतं. मेदद्रव्यांचं रसायन चुकलं असं मानलं तरी तो जीव तिथे काय करत होता, याचं उत्तर द्यावं लागेल.

---

चौकसबुद्धी

मला मूळ कारणात रस आहे. हा कार्बन आला कुठून? मी वाचलं होतं की समुद्रतळाचा मिथेन सुटला.

---

कातळवाट

@चौकसबुद्धी, यावर अजून वाद आहे, आणि तो वाद फार सुंदर आहे, म्हणून थोडं लांबण लावते.

१९९५ मध्ये जेराल्ड डिकन्स आणि सहकाऱ्यांनी मिथेन हायड्रेटची कल्पना मांडली. समुद्रतळाच्या गाळात थंडी आणि दाबामुळे मिथेन बर्फासारख्या रूपात अडकलेला असतो. पाणी तापलं की तो सुटतो. जीवाणूंनी केलेला हा मिथेन समस्थानिकांच्या दृष्टीने अतिशय हलका, त्यामुळे थोड्याशा मिथेननेही समुद्राचा कार्बन पुरेसा हलका होतो, २,००० अब्ज टनांच्या आसपास कार्बन पुरतो. हिशोब जुळला. पण मग एवढ्या कार्बनने ५-६ अंश तापमान का वाढावं, हे जुळेना.

ज्वालामुखीचा कार्बन त्यामानाने जड. तो धरला तर गाळातली तेवढीच खूण उमटायला कितीतरी जास्त कार्बन लागतो. आणि नेमका त्याच काळात ग्रीनलंड आणि युरोप एकमेकांपासून तुटत होते, उत्तर अटलांटिक उघडत होता, तिथे दख्खनसारखाच बसाल्टचा प्रचंड उद्रेक चालू होता. २००४ मध्ये हेन्रिक स्वेन्सन आणि सहकाऱ्यांनी नॉर्वेच्या किनाऱ्यापासून दूर, समुद्रतळाखाली शेकडो जुनी विवरं दाखवली. तिथे तप्त शिलारस सेंद्रिय द्रव्याने भरलेल्या गाळात आडवा घुसला होता. गाळ भाजला गेला आणि त्यातला कार्बन वायू होऊन या विवरांतून उसळला. म्हणजे फक्त लाव्ह्यातला कार्बन नव्हे, लाव्ह्याने भाजून काढलेला जुना सेंद्रिय कार्बनही.

मग २०१७ मध्ये फोरॅमच्या कवचातल्या बोरॉनवरून समुद्राची आम्लता काढली गेली. आम्लतेवरून एकूण किती कार्बन आला ते कळतं, आणि समस्थानिकांवरून तो किती हलका होता ते. दोन्ही समीकरणं एकत्र सोडवल्यावर उत्तर आलं १०,००० अब्ज टनांहून जास्त, आणि त्यातला बराचसा ज्वालामुखीशी निगडित. इतर अभ्यास याहून कमी आकडे देतात. माझा स्वतःचा कल असा की सुरुवात उत्तर अटलांटिकने केली, आणि तापमान वाढल्यावर मिथेन, दलदली, गोठलेली जमीन यांनी भर घातली. तापमानवाढीनेच आणखी कार्बन सुटतो, ही शक्यता मला सगळ्यांत जास्त अस्वस्थ करते.

---

जुना_अभियंता

वाचलं. चार स्वतंत्र मापं ही गोष्ट मला मान्य आहे.

पण आता तुमच्याच आकड्यांवर बोलतो. तेव्हा काही हजार ते १०,००० अब्ज टन कार्बन आला. माणसाने आजवर कोळसा, तेल, वायू जाळून किती सोडला? माझ्या माहितीप्रमाणे सुमारे ५०० अब्ज टन. म्हणजे विसावा हिस्सा. मग तुलना बरोबरीची कशी?

---

बी_एस्सी_तृतीय

काका, वर्तमानपत्रात कधी कार्बन लिहितात, कधी कार्बन डायऑक्साइड, तिथे गडबड होते, म्हणून आधी एकक लिहितो. १ टन कार्बन म्हणजे सुमारे ३.६७ टन कार्बन डायऑक्साइड. सध्या जग इंधनातून वर्षाला साधारण ३७ अब्ज टन कार्बन डायऑक्साइड सोडतं, म्हणजे कार्बन १० अब्ज टन. पीईटीएमच्या सुरुवातीचा वेग २०१६ च्या एका अभ्यासात वर्षाला जास्तीत जास्त १.१ अब्ज टन कार्बन असा निघाला होता. एकूण आकडा तेव्हाचा मोठा, पण वेग आताचा नऊ-दहा पट.

---

कातळवाट

@बी_एस्सी_तृतीय, शाब्बास, एकक आधी लिहिलंस ते फार बरं केलंस.

काका, तुमचा आकडा बरोबर आहे. एकूण साठ्यात आपण अजून पीईटीएमच्या जवळपासही नाही, आणि हे मी वर्गातही स्पष्ट सांगते, कारण त्यात अजून हातात काही असल्याची खूण आहे. पण वेग ही दुय्यम गोष्ट नाही. समुद्राच्या वरच्या थरातलं पाणी खोल समुद्रात पूर्ण मिसळायला हजारभर वर्षं लागतात. कार्बन त्याहून सावकाश आला तर तो सगळ्या समुद्रात वाटला जातो आणि तळाचा चुना विरघळून त्याची आम्लता मारतो. पीईटीएममध्ये बरंचसं तसं झालं. तळाचे जीव मेले, पण वर तरंगणारे जीव बहुतांशी तगले, सरकले, बदलले. आपण मात्र समुद्राला मिसळायला वेळच देत नाही आहोत. सगळा भार वरच्या थरावर पडतो आहे, जिथे प्रवाळ आहेत, मासे आहेत. औद्योगिक काळाआधी त्या थराचा सामू (पीएच, आम्लतेचं माप; कमी म्हणजे जास्त आम्ल) ८.२ च्या आसपास होता, आता ८.१ आहे. आकडा छोटा दिसतो, पण ही मोजपट्टी लॉगरिदमची आहे, एका अंकाचा फरक म्हणजे दहापट, तुम्हाला ते वेगळं सांगायला नको.

आणि आज हवेत १,००० वर्षं राहणारा भाग किती? या शतकात जे सोडू त्यातला १५ ते ४० टक्के कार्बन डायऑक्साइड १,००० वर्षांनंतरही हवेतच असेल असा अंदाज आहे. उरलेलं काम दगडाचं, आणि दगडाची घाई चालत नाही.

---

जुना_अभियंता

वेगाचा मुद्दा पटला. तरी भारताने काय करावं यावर माझं मत वेगळं आहे. ज्यांनी दोनशे वर्षं जाळलं त्यांनी आधी थांबावं. ती चर्चा इथे नको, धागा भरकटेल.

---

शिवारातून

नमस्कार मंडळी. मी पुरंदर तालुक्यातला. शेती करतो आणि भाचा पुण्यात असतो म्हणून हे संकेतस्थळ वाचतो. ताई, दोन गोष्टी विचारायच्या आहेत. आमच्या काळ्या रानात दोन-तीन हात खाली पांढरी चुनखड लागते. ती तुम्ही म्हणता तोच कार्बन का? आणि दुसरं, खडी क्रशरवरची कच शेतात टाकली तर हवेतला कार्बन ओढला जातो असं एक जण सांगत आला होता. खरं आहे का?

---

कातळवाट

दादा, फार चांगले प्रश्न विचारलेत.

चुनखडीचं उत्तर हो. तुमची काळी माती बसाल्ट झिजूनच झाली. दगडातून कॅल्शियम सुटला. जमिनीतल्या हवेत मुळांच्या आणि जीवाणूंच्या श्वासातला कार्बन डायऑक्साइड बाहेरच्यापेक्षा कितीतरी जास्त असतो, तो पाण्यात विरघळला. पुरंदरसारख्या कमी पावसाच्या भागात ते पाणी नदीपर्यंत पोचण्याआधीच वाळतं आणि कार्बोनेट तिथेच खड्यांच्या रूपात बसतं. जिथे पाऊस भरपूर तिथे ते वाहून जातं. मुठेतून भीमेत, भीमेतून कृष्णेत, आणि शेवटी बंगालच्या उपसागरात. बोअरचं पाणी जड लागतं, हीटरवर पांढरी पापुद्री धरते, त्यातही हीच प्रक्रिया आहे.

दगड झिजतो कसा ते बघायचं तर कुठल्याही घाटरस्त्याच्या कापलेल्या बाजूला मुरूम बघा. मध्ये घट्ट काळा गोळा आणि भोवती कांद्यासारखे सुटत जाणारे पापुद्रे. प्रत्येक पापुद्रा म्हणजे पाण्याने दगडात आणखी आत केलेलं काम. याचं टोक बघायचं तर पाचगणीचं टेबललँड. तिथला जांभा म्हणजे बसाल्टमधलं कॅल्शियम, मॅग्नेशियम, सिलिका जवळजवळ सगळं वाहून गेल्यावर उरलेलं लोह आणि ॲल्युमिनियम. तिथे जे नाही ते समुद्रात गेलं, आणि जाताना आपल्याबरोबर हवेतला कार्बन घेऊन गेलं. २००८ मध्ये डेनिस केंट आणि जोव्हानी मुट्टोनी यांनी असंही मांडलं की भारत सरकत सरकत विषुववृत्ताच्या दमट पट्ट्यात आला तेव्हा दख्खनचा बसाल्ट तिथे जोरात झिजला, आणि सुमारे ५ कोटी वर्षांपूर्वीपासून जग गार होत गेलं त्याला याचा हातभार लागला. मला ही कल्पना पटते, पण त्यात हिमालयाचा वाटा किती आणि दख्खनचा किती, यावर मतभेद आहेत.

कच. तत्त्व खरं आहे. दगड बारीक केला की पृष्ठभाग वाढतो आणि झीज वेगाने होते. भारतातही असे प्रयोग चालू आहेत. पण कुणी सांगत आला म्हणून लगेच ट्रॉली ओतून घेऊ नका. कोणत्या खाणीची कच, किती बारीक, त्यात निकेल-क्रोमियमसारखे धातू किती, तुमच्या मातीचा सामू किती, हे आधी तपासून घ्या. चुनखडीच्या, आधीच अल्कधर्मी जमिनीत फायदा कमी मिळतो. आम्लधर्मी, जास्त पावसाच्या जमिनीत जास्त. विद्यापीठाच्या किंवा कृषी विज्ञान केंद्राच्या माती तपासणीचा अहवाल हातात असल्याशिवाय सही करू नका.

---

बी_एस्सी_तृतीय

यात आकड्यांची भर घालतो. १ टन बसाल्ट पूर्ण झिजला तर साधारण पाव टन, फार तर त्याहून थोडा जास्त कार्बन डायऑक्साइड शोषतो. वर्षाचे ३७ अब्ज टन यातून जिरवायचे तर दर वर्षी १०० अब्ज टनांहून जास्त दगड दळावा लागेल. दळायला आणि वाहून न्यायला डिझेल लागेल ते वेगळं. म्हणजे उपयोग आहे, पण सोडणं चालू ठेवून यावर विसंबता येणार नाही.

आइसलँडमध्ये उलट करतात. हेल्लिशेडी इथे कार्बन डायऑक्साइड पाण्यात विरघळवून बसाल्टमध्ये खोल सोडला, तर ९५ टक्क्यांहून जास्त वायू दोन वर्षांच्या आत कार्बोनेट होऊन दगडात बसला. २०१६ मध्ये ते प्रसिद्ध झालं. आपल्याकडे कोयनेला १९६७ च्या भूकंपाच्या भागात खोदकाम झालं तेव्हा बसाल्टची जाडी ९०० मीटरहून जास्त निघाली. जागा भरपूर आहे. पण पाणी खूप लागतं आणि आपला दगड आइसलँडच्या मानाने जुना, त्याची छिद्रं बरीचशी भरलेली.

---

शिवारातून

समजलं. अहवाल करून घेतो, मग ठरवतो. आभारी आहे ताई.

---

मुठेकाठी

पावसाबद्दल कुणी काही लिहिलं नाही. २५ सप्टेंबर २०१९ ची रात्र आमच्या भागात कुणी विसरलेलं नाही, आंबिल ओढ्याचं पाणी घरात शिरलं होतं. पीईटीएममध्ये पावसाचं काय झालं होतं?

---

कातळवाट

@मुठेकाठी, त्या रात्रीच्या बातम्या आठवल्या की अजून काटा येतो. एका रात्रीच्या पुराचा हिशोब थेट तापमानवाढीच्या खात्यावर मांडणार नाही, ओढ्याचा गळा आवळला गेला होता हेही त्यात आहेच. पण तुमच्या प्रश्नाला दगडात उत्तर आहे.

स्पेनमध्ये पिरनीजच्या पायथ्याशी पीईटीएमच्या सुरुवातीलाच गोट्यांचा मोठा थर आहे. त्याच्या खाली आणि वर नद्यांचा बारीक गाळ, आणि मध्येच शेकडो चौरस किलोमीटरवर पसरलेले गोटे. एवढे गोटे शांत नदी वाहून आणत नाही, मोसमी, एकदम कोसळणाऱ्या पावसाचे पूर लागतात. हवा १ अंशाने तापली की सुमारे ७ टक्के जास्त बाष्प धरू शकते. म्हणून कोरडे दिवस लांबतात आणि पडतो तेव्हा धो धो पडतो. आपल्याच पुण्यातल्या पाषाणच्या आयआयटीएम या हवामानशास्त्र संस्थेतल्या शास्त्रज्ञांच्या २०१७ च्या अभ्यासात १९५० ते २०१५ या काळात मध्य भारतात मोठ्या क्षेत्रावरच्या अतिवृष्टीच्या घटना तिप्पट झाल्याचं दिसलं. पिरनीजचा थर आणि हा आलेख, दोन्ही मी एकाच तासाला शिकवते.

---

रानजाई

प्राण्यांचं एक राहिलं. बिगहॉर्नमध्येच सर्वांत आधीचा घोडा मिळतो, सिफ्रहिप्पस, मांजराएवढा. तापमान वाढत गेलं तसा पहिल्या सुमारे १.३ लाख वर्षांत त्याचा आकार ३० टक्क्यांनी घटला, सुमारे साडेपाच किलोवरून चार किलोच्या आत. आणि जग निवल्यावर तो पुन्हा वाढून ७ किलोपर्यंत गेला. हे त्याच्या दातांवरून काढलं आहे. हजारो पिढ्यांमध्ये झालेला बदल आहे हा, म्हणून शक्य झाला.

---

चौकसबुद्धी

धागा उत्तम चाललाय. पुण्यात राहून यातलं काही डोळ्यांनी बघता येईल का? मुलीला दाखवायचं आहे, आठवीत आहे.

---

कातळवाट

@चौकसबुद्धी, पीईटीएमचा थर पुण्यात नाही, आपल्याकडे त्या काळचा समुद्री गाळच नाही. गुजरातमध्ये सुरत जिल्ह्यात वस्तानच्या लिग्नाइट खाणीत त्यानंतर लवकरच्या काळातले थर आहेत. तिथे राळेत अडकलेले कीटक आणि जुन्या सस्तन प्राण्यांचे अवशेष मिळाले आहेत. पण खाणीत परवानगीशिवाय जाता येत नाही.

दगडाचं काम मात्र इथे दिसतं. कुठल्याही टेकडीवर छिद्रांचा दगड शोधा. पांढरं भरलेलं छिद्र दिसलं की त्यावर पातळ व्हिनेगरचा थेंब टाका आणि भिंगातून बघा. बुडबुडे आले तर कॅल्साइट, म्हणजे दगडात कोंडलेला कार्बन. नाही आले तर बहुधा गारगोटी किंवा झिओलाइट. मग घाटरस्त्याला दोन काळ्या थरांच्या मध्ये तांबड्या मातीचा पट्टा शोधा. एक लाव्हा येऊन गेला, वर माती धरली, मग दुसरा लाव्हा येऊन ती भाजून काढली, असा तो पट्टा असतो. असल्याच काही पट्ट्यांमधल्या झिरकॉन या खनिजाच्या कणांवरून उद्रेकांचं वय काढलेलं आहे.

हातोडी नेऊ नका, टेकडीवरचा दगड फोडायचा नाही, सुटा पडलेला पुष्कळ असतो. पावसाळ्यानंतर जा, तेव्हा कापलेल्या बाजू धुतलेल्या असतात आणि थर स्पष्ट दिसतात. घाटात गाडी वळणावर थांबवू नका. मुलीने काही फोटो काढले तर इथे टाका, कुठला दगड आहे ते सांगते.